मुलामा मोजणारा तराजू

व्यापारी बंधूंनो, कापड आपण मीटरने मोजतो, सूत वजनाने घेतो. पण मालावर चढवलेला मुलामा कशाने मोजायचा? चष्म्याच्या काचा, आरसे, प्लॅस्टिकची बटणे, जरीची फिल्म, अशा कितीतरी मालावर आज निर्वात पेटीत थर चढवतात. पंपाने पेटीतली हवा काढतात, धातू किंवा दुसरा पदार्थ तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ मालावर जाऊन बसते. चष्म्याच्या काचेवरची चमक मारणारा मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर सुमारे १०० नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या थराला फूटपट्टी कुठली लावणार?

साध्या कामात कारागीर धातूची तार मोजून टाकतात आणि अंदाजाने चालवतात. नेमके काम हवे तिथे क्वार्ट्झचा स्फटिक वापरतात. मनगटावरच्या घड्याळात हाच स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दाब दिला की अशा स्फटिकातून वीज निघते, हे १८८० मध्ये फ्रान्सच्या क्यूरी बंधूंनी दाखवले. उलट, वीज दिली की तो थरथरतो. मुलामा मोजणारी चकती सेकंदाला साधारण ६० लाख वेळा थरथरते. ती पेटीत मालाजवळच बसवतात. मालाबरोबर तिच्यावरही थर बसतो, ती जड होते आणि तिची गती मंदावते. वजन आणि गती यांचा हिशेब १९५९ मध्ये जर्मनीच्या साउरब्रे यांनी मांडला. सोन्याचा १ नॅनोमीटर थर बसला की गती सेकंदाला सुमारे १५७ ने घटते, ॲल्युमिनियमचा बसला की सुमारे २२ ने. ठरलेली जाडी झाली की यंत्र झडप पाडून वाफ अडवते.

आता मुद्द्याची गोष्ट. हे यंत्र जाडी मोजत नाही, वजन तोलते. जाडीचा आकडा ते हिशेबाने काढते आणि हिशेबाचे आकडे माणूसच भरतो.

पहिला आकडा पदार्थाच्या घनतेचा. सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५. सोने चढवताना चांदीचा आकडा ठेवला, तर खरा थर ५४ नॅनोमीटर झाला की यंत्र १०० दाखवून थांबेल. गिऱ्हाइकाच्या हाती निम्म्याहून थोडाच जास्त माल, आणि कागदावर शंभर पुरे!

दुसरा आकडा जागेचा. चकती आणि माल एकाच जागी नसतात, म्हणून वाफ दोघांवर सारखी पडत नाही. नमुन्यावरचा थर वेगळ्या यंत्राने मोजून हा फरक काढतात. यंत्र १०० दाखवत असेल आणि नमुन्यावर १२० निघाले, तर १२० टक्के असा आकडा भरतात. माल ठेवायची जागा बदलली की हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

शिवाय उष्णतेनेही चकतीची गती बदलते, म्हणून तिला पाण्याने थंड ठेवतात. खूप थर साचला की चकती बदलावी लागते.

तेव्हा थर चढवून घेताना तीन गोष्टी विचारा: घनतेचा आकडा कोणता भरला, नमुना केव्हा तपासला, चकती केव्हा बदलली. जरीची फिल्म घेणाऱ्यांनी मात्र वेगळे विचारावे. वेगाने पळणाऱ्या गुंडाळीवर सहसा फिल्ममधून किती प्रकाश पार जातो किंवा थराला विजेचा किती अडथळा आहे, हे पाहतात. त्याचा आकडा मागा.

काटा स्वतः खोटे बोलत नाही, त्यात वजने टाकणारा हात खरा हवा. सूरह मुतफ्फिफीनमधला इशारा मापात कमी देणाऱ्यांना आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या थरालाही तो तेवढाच लागू आहे, असे आम्ही समजतो.