पेटंटचा दावा कसा वाचावा? : हळदीच्या वादाचा धडा

परवान्यावरील ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी’ हे शब्द पाहून आपल्या औषधाचे पेटंट झाले, असा समज काही फार्मसीधारकांत आढळतो. ती केवळ औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील वर्गवारी होय. पेटंटचा हक्क पेटंट कायदा, १९७० अन्वये मिळतो व अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकतो.

पेटंटमध्ये वर्णन पुष्कळ असते. हक्काची सीमा मात्र ‘दावे’ ठरवितात. अभियंता यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून तपासतो, तसाच दावा वाचावा, असे आम्ही सुचवितो.

१९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना हळदीवर अमेरिकी पेटंट मिळाले. मुख्य दाव्याचे भाग तीन : जखमी रुग्ण, हळदीचे चूर्ण आणि व्रणरोपणास पुरेशी मात्रा. आपल्याकडे हे घरोघरी ठाऊक; परंतु तेथील फेरतपासणीत मौखिक परंपरा चालत नसे, छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९६ मध्ये ३२ संदर्भ सादर केले. त्यांत प्राचीन ग्रंथांप्रमाणेच १९५३ चा एक वैद्यकीय लेखही होता. १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले.

भारतात कलम ३(पी) नुसार परंपरागत ज्ञानाला, व ३(ई) नुसार गुणांची निव्वळ बेरीज असलेल्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही. नवी प्रक्रिया मात्र पात्र ठरू शकते. समजा, महापे येथील औद्योगिक वसाहतीतील एका फार्मसीने काढ्याचा घन करण्याची नवी रीत बसविली आणि तिला प्रतिस्पर्ध्याची नोटीस आली. दाव्यात निर्वात पात्र, ठरावीक तापमान व ठरावीक काळ असे तीन भाग असतील, तर आपल्या रीतीत तिन्ही आहेत काय, हे प्रथम पाहावे. एखादा भाग नसल्यास बचाव भक्कम होतो. तथापि बदल नाममात्र असेल तर समतुल्यतेचा मुद्दा उपस्थित होऊ शकतो. तिन्ही भाग अर्जापूर्वीच्या एकाच प्रकाशनात सापडले, तर दाव्याचे नावीन्यच ढासळते.

म्हणून व्यवसायबंधूंनी पुढील दक्षता घ्यावी :

१. प्रत्येक बॅचची नोंद व यंत्राचे आराखडे दिनांकासह जपावेत.

२. अर्ज दाखल होण्यापूर्वी नवी रीत लेखात वा व्याख्यानात उघड करू नये.

३. परक्या अर्जास मंजुरीपूर्वी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो; मंजुरीच्या प्रसिद्धीनंतर हितसंबंधितांस एक वर्षाची मुदत असते, ती दवडू नये.

ग्रंथाधार आपल्यापाशी विपुल आहे; वेळेवर व दिनांकासह मांडला, तरच तो कामी येतो.