चिंताविकार, उपचार आणि संसार

‘लग्न झाले की बरी होईल,’ हा सल्ला विदर्भात आजही दिला जातो. विवाह हा चिंताविकारावरील उपचार नव्हे. उलट, सासरी कळू नये म्हणून काही नववधू गोळ्या एकाएकी बंद करतात. मग चक्कर, निद्रानाश, बेचैनी सुरू होते आणि मूळ विकारही उलटण्याचा धोका असतो. या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात. काहींमुळे कामेच्छा मंदावते व पती-पत्नीत गैरसमज होतो. डॉक्टरांना सांगितल्यास औषध बदलता येते.

अतिकाळजीचाही उपद्रव होतो. पत्नी सीताबर्डीच्या गर्दीला घाबरते, म्हणून पती सारा बाजार स्वतःच करतो. हेतू चांगला, पण भीती त्याने पक्की होते. उपचारात पतीलाही सहभागी करून, आज चौकापर्यंत, पुढील आठवड्यात दुकानापर्यंत, असे टप्पे ठरविणे हितावह असते.

कायद्याचे भय मात्र अवास्तव आहे. केवळ मनोविकार घटस्फोटास पुरेसा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता प्रकरणी स्पष्ट केले. परंतु १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपविणे विवाह रद्द होण्यास कारण ठरू शकते. सोयरिकीच्या बोलणीत सरपंच व शिक्षकांचा शब्द मानला जातो; त्यांनी हे तेथेच सांगावे. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण तपासणी होते. ‘टेलि-मानस’चा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे.