इटालियन चित्रपटांतील जाझ संगीत

इटलीचें नांव निघालें कीं संगीतप्रेमी मनुष्यास व्हर्दी आणि पुच्चिनी यांच्या संगीतनाटकांचें स्मरण होतें. परंतु ज्या देशांत ऑपेराचा जन्म झाला, त्याच देशाच्या चित्रपटांत जाझसारखें दूरचें संगीत येऊन कसें नांदूं लागलें, ही हकीकतही बोधप्रद आहे. ती आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत तेथील कृष्णवर्णीय लोकांमध्यें जाझ उदयास आलें. यांत मूळ चाल ठरलेली असते. पण ती एकदां वाजवून झाली कीं, प्रत्येक वादक तिच्याच आधारें आयत्या वेळीं नवी रचना करीत जातो. आपल्या गवयांची उपज ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस ही रीत अगदींच परकी वाटणार नाहीं. शिवाय ठेक्यांत जेथें जोर अपेक्षावा, तेथें तो न देतां किंचित् अलीकडे वा पलीकडे देण्याची या वादकांची लकब असते. तिच्यामुळें ऐकणाराचा पाय नकळत हलूं लागतो.

मुसोलिनीच्या राजवटीस हें संगीत रुचलें नाहीं. परदेशी आणि त्यांतून कृष्णवर्णीयांची कला म्हणून तिच्यावर निर्बंध आले. अमेरिकन गीतांस इटालियन नांवें धारण करावीं लागलीं. पुढें १९४३ सालीं मुसोलिनी सत्ताभ्रष्ट झाला, १९४४ च्या जून महिन्यांत दोस्तांचें सैन्य रोममध्यें शिरलें, आणि दडपलेले सूर उघडपणें वाजूं लागले. दैवाचा खेळ असा कीं, खुद्द मुसोलिनीचा धाकटा पुत्र रोमानो हाच पुढें नामांकित जाझ पियानोवादक झाला!

१९५८ सालीं मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाचा ‘इ सोलिती इन्योती’ हा विनोदी चित्रपट निघाला. त्याचें संगीत फ्लॉरेन्सच्या पिएरो उमिलियानी यानें जाझच्या धर्तीवर रचिलें. रोममधील कांहीं दरिद्री व अडाणी चोर तिजोरी फोडावयास निघतात, भलतीच भिंत फोडतात, आणि अखेर परक्या स्वयंपाकघरांत बसून चण्याचें कालवण खातात, अशी ही कथा आहे. संगीत मोठ्या ऐटीनें चालतें आणि चोर पदोपदीं ठेचाळतात. या विसंगतींतूनच हास्य निर्माण होतें.

याच्या उलट प्रकार १९६१ च्या ‘ला नोत्ते’ या चित्रपटांत दिसतो. मिलान शहरांतील एका दांपत्याचें प्रेम आटत चालल्याची ही एका दिवसाची व रात्रीची कथा मिकेलांजेलो अंतोनिओनी यानें चित्रित केली आहे. जॉर्जो गास्लिनी व त्याचे तीन साथीदार तेथें श्रीमंताच्या मेजवानींत प्रत्यक्ष वाजवितांना दिसतात. भोंवतालीं करमणूक चालली आहे आणि दोन अंतःकरणें एकाकी आहेत, हें कोणीही बोलून न दाखवितां प्रेक्षकास उमगतें.

अमेरिकन वादक चेट बेकर यानेंही उमिलियानीच्या चित्रपटसंगीतांत आपला ट्रंपेट वाजविला. हा मोठा गुणी कलावंत होता. परंतु मादक द्रव्यांच्या व्यसनापायीं त्यास १९६० व १९६१ या सालीं लुक्का येथील तुरुंगांत दिवस कंठावे लागले. सूर इतका निर्मळ आणि आयुष्य इतकें गढूळ, हें पाहून मन विषण्ण होतें. गुण हें ईश्वराचें देणें खरें. पण तें सांभाळण्याचा भार मनुष्यावरच असतो.

हें संगीत श्रोत्यांस इतकें कां आवडतें? आमच्या मतें याचें मुख्य कारण असें कीं, तें श्रोत्यावर सक्ती करीत नाहीं. पुष्कळदां चित्रपटांतील मोठा वाद्यवृंद ‘आतां रडा’, ‘आतां भ्या’ अशी जणूं आज्ञाच सोडतो. चार-पांच वाद्यांचा जाझ मेळ मात्र प्रसंगाच्या बाजूनें चालतो आणि अर्थ लावण्याचें काम आपणांवर सोंपवितो. शिवाय त्यांत प्रत्येक वाद्यास बोलण्याची पाळी मिळते, व इतरांस ऐकण्याची शिस्त पाळावी लागते.

विद्यार्थिबंधूंनो, ज्या सत्तेनें या सुरांस परके ठरविलें, ती लयास गेली. सूर मात्र राहिले. म्हणून एखादी कला कोणाची आहे, हें विचारण्यापूर्वी ती एकवार शांतपणें ऐकावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.