माझेच केसपेपर, मलाच नकार?

प्रश्न : रुग्णालय 'गोपनीयते'चे कारण सांगून माझे केसपेपर मलाच देत नाही. हे योग्य आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. गोपनीयता रुग्णाची असते. तिच्या नावाखाली रुग्णालाच अडवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रहेजा प्रकरणात हेच स्पष्ट केले आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. कागद बाहेर गेले की खटले होतील, ही डॉक्टरांची भीती मी समजू शकतो. पण नीट लिहिलेली नोंदच त्यांचा बचाव करते. खरी गळती होते ती चौकशीला आलेल्या कुणाही नातेवाइकाच्या हाती तुमच्या संमतीविना रिपोर्ट दिला जातो तेव्हा. तिथे कडक राहावे. लेखी अर्ज करा, पोच घ्या. उशीर नको, कारण दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षेच जपण्याचे या नियमांचे बंधन आहे.