कृष्णमंडलाची पारदर्शकता आणि दृष्टी : द्राक्षपट्ट्यातील वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी नेत्रशारीराचा एक पाठ

कवठे महांकाळ व परिसरातील द्राक्षबागायतदार वेलीवरील अंकुरस्थानाला ‘डोळा’ म्हणतात. छाटणीनंतर डोळे किती व कसे फुटले, यावर त्यांचे सारे वर्ष अवलंबून असते. मात्र वेलीच्या डोळ्यांची काळजी वाहताना स्वतःच्या डोळ्याला काडीचा फटका बसला, फवारणीचा थेंब उडाला किंवा ज्वारीचे कुसळ गेले, तर त्याकडे सहज दुर्लक्ष होते. असा रुग्ण प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जात नाही. तो गावातील वैद्याकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात येतो आणि ‘डोळा लाल झाला आहे, थेंब द्या’ म्हणतो. त्या क्षणी आपण काय देतो आणि काय देत नाही, यावर त्या डोळ्याचे भवितव्य पुष्कळदा ठरते. नेत्रशारीराची उजळणी याच दृष्टीने प्रस्तुत लेखात केली आहे.

शास्त्रातील नेत्ररचना

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्राची पाच मंडले सांगितली आहेत : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. त्यांना जोडणारे सहा संधी व सहा पटले वर्णिली असून, पटलांपैकी दोन वर्त्मात व चार प्रत्यक्ष नेत्रगोलात आहेत. दृष्टीचा आकार मसुराच्या डाळीएवढा, तर तिचे प्रमाण कृष्णमंडलाच्या सप्तमांश मानले आहे. आधुनिक मोजमापाप्रमाणे पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, आडवा व्यास साधारण ११.५ ते १२ मिलिमीटर असतो. त्याचा सातवा भाग सुमारे १.७ मिलिमीटर येतो आणि प्रखर उन्हात आकुंचित झालेल्या बाहुलीचा व्यास जवळपास तेवढाच असतो. प्रत्येक संज्ञेची अशी जुळणी होईलच असे नाही व तसा अट्टाहासही धरू नये. परंतु प्राचीन निरीक्षणाची सूक्ष्मता यावरून ध्यानी येते.

कृष्णमंडल काळे दिसते, ते स्वतःच्या वर्णामुळे नव्हे. पारपटल पूर्णतः वर्णहीन व पारदर्शक आहे. त्याच्यामागील परितारिकेचा वर्ण आपल्याला त्यातून दिसतो. म्हणूनच पारपटलावर व्रण होऊन वण उरला की काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतो आणि लोक त्याला ‘फूल पडले’ म्हणतात.

पारपटल पारदर्शक का असते?

प्रौढ व्यक्तीच्या नेत्रगोलाची पुढून मागे लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. पारपटल हा त्याचा पुढील पारदर्शक भाग. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पाठ्यपुस्तकांत त्याचे पाच थर शिकवले जातात : बाह्य उपकला, बोमनचा थर, मुख्य गाभा अर्थात स्ट्रोमा, डेसिमेटचे पटल आणि सर्वांत आतील अंतःस्तर. एकूण जाडीचा सुमारे ९० टक्के भाग गाभ्याचा असतो.

या पारदर्शकतेची कारणे तीन आहेत. पहिले, पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. त्याचे पोषण अश्रू, हवेतील प्राणवायू व आतील नेत्रजल यांवर होते. दुसरे, गाभ्यातील कोलॅजनचे तंतू अत्यंत बारीक असून समान अंतरावर शिस्तीने रचलेले असतात. त्यामुळे प्रकाश विखुरत नाही. तिसरे, अंतःस्तराच्या पेशी गाभ्यात शिरणारे पाणी सतत बाहेर उपसतात. या पेशी नष्ट झाल्यास पुन्हा निर्माण होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात, एवढेच.

थरांनुसार भरून येण्याची रीतही भिन्न आहे आणि चिकित्सकाने ती पक्की लक्षात ठेवावी. केवळ बाह्य उपकला खरचटली असेल व जंतुसंसर्ग झाला नसेल, तर ती एक ते तीन दिवसांत भरून येते आणि मागे वण राहत नाही. इजा बोमनच्या थरापलीकडे गाभ्यात गेली, तर तंतूंची शिस्त मोडते. जखम भरते, पण वण कायम राहतो. सव्रण शुक्राची साध्यासाध्यता सांगताना सुश्रुताने हेच निकष वापरले आहेत. जो व्रण दृष्टीच्या जवळ नाही, खोल नाही, स्रवत नाही, वेदनायुक्त नाही आणि जोडीने नाही, तोच बरा होण्याची शक्यता असते आणि तीही क्वचितच. व्रणाचे स्थान व खोली हेच दोन प्रश्न आजचा नेत्रतज्ज्ञही प्रथम विचारतो.

प्रकाशाचा प्रवास

डोळ्यातील भिंगच प्रकाश एकवटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी सुमारे ४३ डायॉप्टर शक्ती पारपटलाची असते. हवेतून पारपटलात शिरताना प्रकाश सर्वाधिक वळतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडल्यास सारे अस्पष्ट दिसते, याचे कारण हेच. पाणी व पारपटल यांची वक्रीभवनक्षमता जवळजवळ सारखी असल्याने पारपटलाची शक्ती तेथे बहुतांशी लोपते. यावरून पारपटलावरील लहानसा वणही दृष्टीला किती महाग पडतो, याची कल्पना यावी.

पारपटलानंतर प्रकाश नेत्रजलातून बाहुलीपाशी येतो. परितारिकेचे स्नायू बाहुलीचा व्यास सुमारे २ ते ८ मिलिमीटरपर्यंत कमी-अधिक करतात. त्यामागील भिंग जवळच्या वस्तूसाठी अधिक फुगीर होते. वयाबरोबर त्याची लवचिकता घटते, म्हणून चाळिशीच्या सुमारास वाचनासाठी चष्मा लागतो. भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू होतो. नेत्रजलाचा निचरा अडला की बहुधा नेत्रातील दाब वाढतो. सामान्यतः हा दाब १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. काचाभ द्रव ओलांडून प्रकाश अखेर दृष्टिपटलावर पोहोचतो आणि तेथे वस्तूची उलटी प्रतिमा उमटते.

दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात. रंग व बारकावे शंकुपेशींमुळे कळतात आणि त्यांची सर्वाधिक दाटी पीतबिंदूच्या मध्यभागी असते. दंडपेशीतील ऱ्होडॉप्सिन या द्रव्यात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू असतो. प्रकाशकण लागताच तो वाकडा रेणू सरळ होतो आणि त्यातून विद्युत्संदेशाची साखळी सुरू होते. या रासायनिक क्रियेचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये इतर दोघा संशोधकांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा का येतो, हेही यातून स्पष्ट होते.

हे संदेश दृष्टिचेतेच्या सुमारे १० ते १२ लाख तंतूंवाटे मेंदूकडे जातात. वाटेत प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडील अर्ध्या भागाचे तंतू विरुद्ध बाजूस ओलांडतात. त्यामुळे उजवीकडचे दृश्य डाव्या व डावीकडचे दृश्य उजव्या मेंदूत पोहोचते. मेंदूच्या पाठीमागील भागात त्यांचा अर्थ लागतो. पाहणे नेत्राचे, तर ओळखणे मेंदूचे. भेलसंहितेत आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद सांगितले आहेत, ते या ठिकाणी आठवतात. आलोचक पित्त म्हणजेच ऱ्होडॉप्सिन, असे समीकरण मात्र मांडू नये. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा स्वतंत्र आहेत.

काडीचा फटका आणि बुरशीचा व्रण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बागेत काडी लागली, उसाचे पाते डोळ्यावरून फिरले किंवा मळणीत कुसळ गेले, की बाह्य उपकला खरचटते. वनस्पतींवर व मातीत असलेल्या बुरशीला तेवढे द्वार पुरते. फ्युजेरियम व अस्परजिलस या बुरशींचे व्रण आपल्या देशातील शेतकऱ्यांत वारंवार आढळतात. प्रारंभी लक्षणे सौम्य असतात : टोचणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे. काही दिवसांनी काळ्या भागावर करडा-पांढरा, पिसासारख्या कडांचा डाग दिसू लागतो.

नेमक्या याच टप्प्यावर रुग्णाला डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलेले थेंब मिळाले तर काय होते? स्टिरॉइडमुळे शोथ दबतो. लाली उतरते, वेदना कमी होते, दोन दिवस रुग्ण समाधानी असतो. परंतु शोथ हीच बुरशीविरुद्धची शरीराची फळी असल्याने, ती दबताच बुरशी गाभ्यात खोल शिरते. पुढे पारपटलाला छिद्र पडून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. हेच थेंब दीर्घकाळ वापरल्यास नेत्रदाब वाढणे व मोतीबिंदू होणे, हे आणखी दोन धोके आहेत. प्रतिजैविक व स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली बाटली दिसायला साध्या प्रतिजैविकासारखीच असते, म्हणून लेबलावरील घटकद्रव्ये वाचल्यावाचून ती देऊ नये. शिवाय ही औषधे ‘एच’ अनुसूचीतील असल्याने नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री नियमबाह्य आहे.

वेळेवर केलेल्या साध्या उपचाराचे मोल किती, हे नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने दाखवून दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी पारपटल खरचटलेल्या रुग्णांना १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. इजेनंतर १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. विलंबाने आलेल्यांपैकी काहींना मात्र झाला.

चुना व रसायने

बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाबरोबर चुना वापरला जातो. अल्कली पदार्थ आम्लापेक्षा अधिक घातक ठरतात, कारण ते पेशींतील स्निग्धांश विरघळवून खोलवर शिरत राहतात. डोळे लवकर फुटावेत म्हणून काड्यांना लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइडही डोळ्यास दाहक आहे. अशा वेळी चिकित्सालय गाठण्यापूर्वी जागेवरच धुणे हाच उपचार होय. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान अर्धा तास डोळा धुवावा. पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापसाने काढावेत व मगच रुग्णास पाठवावे.

१९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी ओलोमोउत्स येथे पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. त्यांचा रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. आज रोपणाची सोय असली, तरी पारपटल नेत्रदानातूनच मिळते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागते. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात तरी आपण प्रत्येकाने आपल्या गावात हा विषय बोलावा.

व्यवहारातील नियम

१. लाल डोळा पाहताच प्रथम दृष्टी तपासावी. प्रत्येक डोळा झाकून सहा मीटरवरील तक्ता वाचवून घ्यावा; तक्ता नसेल तर बोटे मोजावयास सांगावीत.

२. काडी, पाते, कुसळ वा रसायनाचा इतिहास विचारल्याशिवाय कोणतेही थेंब देऊ नयेत.

३. फ्लुओरेसिनची पट्टी व निळा प्रकाश जवळ ठेवावा. खरचटलेला भाग हिरवा चमकतो.

४. पांढरा डाग, अंधुक दृष्टी, तीव्र वेदना, उजेडाचा त्रास किंवा बाहुलीसमोर पुवाची पातळी, यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. मिरजेसारखे वैद्यकीय केंद्र जवळ असताना ‘दोन दिवस पाहू’ म्हणण्याचे कारण नाही.

५. ताज्या व्रणात अंजन, मध, एरंडेल, पाल्याचा रस वा स्तन्य घालू नये. निर्जंतुक नसलेले कोणतेही द्रव्य तेथे संसर्गाचे वाहन ठरते. जिभेने कुसळ काढण्याची प्रथाही बंद करावी.

६. बधिर करणारे थेंब रुग्णास घरी देऊ नयेत. उघडलेली बाटली एक महिन्यानंतर टाकून द्यावी.

७. छाटणी, फवारणी व मळणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा वापरण्याचा सल्ला प्रत्येक शेतकऱ्यास द्यावा.

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, असे आपण म्हणतो ते टोमण्याने. वैद्याच्या व औषधविक्रेत्याच्या बाबतीत मात्र ते कर्तव्य आहे. ते कुसळ वेळीच दिसावे आणि स्टिरॉइडची बाटली फळीवरच राहावी, एवढे साधले तरी एखाद्या कुटुंबातील कमावत्या माणसाचा डोळा वाचेल.