नदीचा वाटा

आषाढीला चंद्रभागेचे स्नान घडले की वारकरी कृतार्थ होतो. पाऊस लांबला तर वारीपुरते पाणी उजनीतून सोडतात. पाणी आले की आपण जयजयकार करतो. वैशाखात मात्र पात्र आटून डबक्यांत शेवाळ माजते, तेव्हा आपण पंढरीत नसतो, म्हणून बोलतही नाही. हा दोष आमच्यासकट सर्वांचा.

‘नदी’ शब्दाचे मूळ नद् धातूत. नाद करते ती नदी. अथर्ववेदातही या नावाची हीच फोड आहे. वाहणे थांबले, नाद थांबला, मग उरले काय? नुसते नाव!

आता हिशेब पाहा. कृष्णेच्या पाण्याच्या तंट्यात पहिल्या लवादाने १९७३ साली २०६० अब्ज घनफूट पाणी वाटले. महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७००, आंध्रास ८००. बेरीज करा, चोख जुळते. अहो, पण नदीच्या नावे एक थेंब तरी कोठे आहे? आपली भीमा कृष्णेचीच उपनदी, तिचेही पाणी यातच आले. पुढे २०१० साली दुसऱ्या लवादाने किमान प्रवाहासाठी १६ अब्ज घनफूट वेगळे काढले. तो निवाडा न्यायालयात अडकला ते सोडा, आणि १६ म्हणजे फार नव्हे हेही खरे. पण वहीत नदीचे खाते तरी उघडले.

कोणी म्हणेल, उजनीखाली भीमेत पाणी सोडतात की! सोडतात, परंतु ते वर्षानुवर्षे सोलापूरच्या पिण्यासाठी, बंधारे भरण्यासाठी सोडले गेले. पाणी नदीतून गेले, नदीसाठी नव्हे. पालखी दारावरून गेली म्हणून घरात प्रसाद आला असे होत नाही.

नदीला पाणी किती लागते एवढेच पाहून भागत नाही. केव्हा आणि कसे, हेही पाहावे लागते. देहूच्या डोहातला महाशीर घ्या. पावसाळ्याचे नवे पाणी आले की तो चढणीला लागतो, वर जाऊन गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. तेच पाणी धरणात अडवून उन्हाळ्यात दुप्पट सोडले, तरी त्याच्या काय कामाचे? पुराने पात्र धुऊन निघते, काठच्या विहिरींना पाझर मिळतो. उन्हाळ्यातल्या बारीक धारेवर डोहातला जीव तगतो. आणि गटाराचे पाणी पातळ करण्यासाठी सोडलेले पाणी हा नदीचा वाटा नव्हे, बरं का. गटार मुळातच आवरले पाहिजे.

जुन्या घरांत वैश्वदेव जेवणाआधी होई, उरलेल्या अन्नातून नव्हे. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जलकायद्यात हेच केले आहे. माणसाच्या निकडीचे आणि नदीच्या जीवनाचे पाणी आधी राखून ठेवायचे, मग बाकीचे वाटायचे. आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीसाठी भाग बाजूला काढावा असे लिहिले आहे, पण नीती म्हणजे कायदा नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने गंगेपुरता आदेश काढला. उगमापासून हरिद्वारपर्यंत हिवाळ्यात सरासरी प्रवाहाचा २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के भाग वाहता ठेवावा. त्याच आठवड्यात, ११ तारखेस, गंगेसाठी उपोषणास बसलेले स्वामी सानंद, पूर्वाश्रमीचे प्राध्यापक अग्रवाल, यांनी देह ठेवला. त्यांना हा आकडा पुरेसा वाटला नव्हता.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एका ऊसकरी माळकऱ्याने आम्हांस अडवले. ‘महाराज, नदीला पाणी द्या म्हणता. माझी पाळी चुकली तर? पोरीचं लग्न उसावर धरलंय.’ कीर्तनात आम्ही शंभर शंकांचे निरसन करतो. तेथे वाचा बसली. कारण शंका खरी होती. नदीला दिलेले पाणी कोणाच्या तरी वाट्यातून कमी होणारच. मात्र ते त्या एकट्याच्या पाळीतून का जावे? शहराने, कारखान्याने, कालव्याच्या शेंड्याच्या आणि तोंडाच्या शेतकऱ्याने, सर्वांनी मिळून सोसावे; दुष्काळात नदीनेही आपले थोडे सोसावे. नदीने मात्र आजवर एकटीनेच सोसले आहे.

पाळ्या ठरतात त्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, पावसाळा सरल्यावर. तेथे धरणात किती, पिण्याला किती, रब्बीला किती, हे सांगतात. त्या बैठकीस बसणारे पुष्कळ जण आपलेच माळकरी आहेत. त्यांनी तेथे एवढेच विचारावे: यात नदीचे किती धरले?