लेकरांविना चार दिवस



लहान मुलांना जिथे प्रवेशच नाही अशी हॉटेलं परदेशात आहेत. जमैका बेटावर १९८१ साली ‘सँडल्स’ नावाचं हॉटेल फक्त जोडप्यांसाठी सुरू झालं आणि पुढे अशी ठिकाणं अनेक देशांत निघाली. आपल्या महाराष्ट्रात ‘केसरी’ आणि ‘वीणा वर्ल्ड’ या सहल कंपन्या खास बायांच्या सहली काढतात. त्यात नवरा नाही, सासू नाही, लेकरं नाहीत. या सहलींचा खर्च आपल्या वस्तीला झेपणारा नाही, म्हणून आपण ‘मोठ्या लोकांचे चोचले’ म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण ती बाई एवढे पैसे कशाचे मोजते ते बघा. डोंगर आणि समुद्र तर लेकरं सोबत असली तरी दिसतात. ती पैसे मोजते ते रात्रीच्या सलग झोपेचे, दुसऱ्याने वाढलेल्या गरम ताटाचे आणि दिवसभर ‘मम्मी, मम्मी’ अशी हाक न येण्याचे. या तिन्ही गोष्टी मौजेपेक्षा तब्येतीच्या जास्त आहेत, म्हणून आरोग्याच्या पानावर लिहिते आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची जातात ९७. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये बियाण्याच्या प्लॉटवर फुलांचं परागीकरण करायला जाणाऱ्या आपल्या बाया सकाळी उठून हे सगळं उरकतात, मग मजुरीला जातात आणि संध्याकाळी परत चुलीपुढे बसतात. अंगावर पिणारं किंवा आजारी लेकरू असेल तर रात्रही तुटक. अशी झोप महिनोन् महिने तुटली की डोकं दुखतं, विसरायला होतं, चिडचिड वाढते आणि मग हात उचलला जातो तो लेकरावरच.

मात्र प्रत्येक थकवा विश्रांतीने जात नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच आरोग्य पाहणीत निघालं आहे. जिना चढताना दम लागतो, पाय ओढतात, पाळीला अंगावरून फार जातं, अशा बाईने आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासावं. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजावं आणि उपचार घ्यावा. थायरॉइड आणि साखरही बघून घ्यावी. हे सगळं ठीक असूनही जीव थकलेला असेल, तर तिला खरोखर सुटी हवी आहे.

ही सुटी मागायला बाई घाबरते, कारण ‘लेकरं टाकून गेली’ असं ऐकावं लागतं. आता आपल्याच भागातल्या ऊसतोडीचं बघा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कितीतरी लेकरं चार-पाच महिने आजीपाशी राहतात. त्या मायला कोणी बोल लावत नाही, आणि लावूही नये. मयतीला, बाळंतपणाला, दवाखान्यात कोणापाशी थांबायला बाई आठ आठ दिवस घर सोडते, तेव्हाही लेकरं कोणीतरी सांभाळतंच. म्हणजे सोय होते. दुसऱ्याच्या कामासाठी होते. बाई स्वतःच्या जिवासाठी निघाली की तीच सोय होत नाही आणि तीच आजी म्हणते, ‘माझ्याच्यानं नाही होत.’

आईची विश्रांती हा हक्क आहे, हे आपल्याला परक्याकडून शिकायचं नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली गिरणी-कारखान्यातल्या बायांसाठी प्रसूती रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, आणि त्याचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर पडू नये, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी शेतात, शेडनेटात, वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या बाईला पगारी रजा अजून ठाऊक नाही. आणि बाळंतपणानंतरच्या वीस वर्षांच्या विसाव्याचं तर कोणी बोलतच नाही.

जायचं कुठे? आपल्या समाजातल्या बऱ्याच बायांना लेकरांविना पहिल्यांदा घराबाहेर राहायला मिळतं ते इगतपुरीला. सत्यनारायण गोएंका गुरुजींचं ‘धम्मगिरी’ हे विपश्यना केंद्र तिथे १९७६ पासून आहे. जालन्याहून रेल्वेने मनमाड-नाशिक मार्गे जाता येतं. शिबिर दहा दिवसांचं, येणं-जाणं धरून बारा दिवस मोकळे ठेवावे लागतात. राहण्या-जेवणाची फी नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेने दान देता येतं. बाया आणि पुरुष वेगळे राहतात, मोबाइल जमा करतात, बोलायचं नाही, आणि लेकरू सोबत नेता येत नाही. विपश्यनेबद्दल आपल्यात दोन मतं आहेत. तो वाद या पानाचा नाही. एवढं नक्की सांगते की तिथे जाणं म्हणजे सहल नव्हे. पहाटे चारला घंटा होते, रात्रीचं जेवण नसतं, दिवसाचे कितीतरी तास मांडी घालून बसायचं असतं. तरी जाऊन आलेल्या बायांना मी विचारते तेव्हा ध्यानाच्या आधी त्या सांगतात, ‘ताई, बारा दिवस आयतं ताट मिळालं.’

साखरेची, बीपीची, फिटची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर अर्जात स्पष्ट लिहा, लपवू नका, आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्ज भरू नका. मनाच्या आजारावर उपचार चालू असणाऱ्या बाईने हे शिबिर टाळलेलं बरं. इतके दिवस गप्प आणि एकटं बसणं तिला झेपेलच असं नाही.

बारा दिवस जमत नसतील तर एक दिवस काढा. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. महिला मंडळाच्या आठ-दहा जणी मिळून लोणारचं सरोवर किंवा अजिंठ्याची लेणी बघून येऊ शकतात. अट एकच ठेवा, लेकरं आणायची नाहीत. एकीने आणली की बाकीच्या नऊ जणी त्यालाच खेळवत बसतात!

आता लेकरांची सोय. सहा महिन्यांच्या आतलं बाळ फक्त आईच्या दुधावर असतं. त्याला ठेवून मुक्कामाला जाऊ नका. त्याहून मोठं, वरचं खाणारं पण अंगावर पिणारं लेकरू असेल तर एखाद्या दिवसापासून सुरुवात करा आणि बाहेर असताना तीन-चार तासांनी हाताने दूध काढा. नाहीतर छातीत गाठी होतात. छाती लाल झाली, ठणकली आणि ताप आला तर दवाखाना गाठा. काढून ठेवलेलं दूध बिनफ्रिजचं चार तासांच्या वर ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात तर त्याच्याही बरंच आधी पाजा. लसीची तारीख मधे येत असेल तर जाण्याचा दिवस पुढे ढकला.

आजीवर सगळं टाकू नका, तिलाही बीपी आहे. थोरल्या मुलीची शाळा बुडवून तर अजिबात नको. एका बाईची सुटी दुसऱ्या मुलीच्या जिवावर झाली तर मिळवलं काय? लेकरांना बापानेच सांभाळावं. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात कसं कालवायचं ते त्याच्याकडून एकदा करून घ्या. लेकरू पाणीही पीत नसेल, धापा टाकत असेल, झटके आले तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा, हे भिंतीवर लिहून ठेवा.

आणि चोरून निघू नका. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितलेला सिद्धार्थ मध्यरात्री पळून जात नाही. आईवडिलांशी, यशोधरेशी बोलून, सांगून निघतो. यशोधराही सोबत गेली असती, पण राहुलला सांभाळायला ती मागे राहते. (थांबली ती आईच, हेही ध्यानात घ्या.) दोन-तीन वर्षांच्या लेकराला सुद्धा सांगता येतं, ‘मी चार झोपांनी येणार.’ ते रडेल, पण डोळा चुकवून गेलेल्या आईमुळे जी धास्ती बसते ती बसणार नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. लेकरांपासून चार दिवस लांब जावंसं वाटणं हा आजार नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त रोज रडू येतं, लेकराविषयी काहीच वाटत नाही, त्याला किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात, तर ते सहलीने जाणार नाही. बाळंतपणानंतर हे बऱ्याच जणींना होतं आणि उपचाराने बरं होतं. १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ नंबर आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. अशा बाईला एकटीला कुठे पाठवू नका आणि लेकरासोबत एकटीला घरीही ठेवू नका.

परत आल्यावर लेकरू तोंड फिरवेल, किंवा दोन दिवस पदर सोडणार नाही. दोन्ही नेहमीचंच आहे. ‘बघ, तू गेलीस म्हणून असं झालं,’ असं घरातलं कोणीतरी म्हणेल. वाद घालू नका, लेकराला कुशीत घेऊन झोपा आणि स्वयंपाक त्या दिवशी ज्याने चार दिवस केला त्यालाच करू द्या.